अंगठ्याच्या मुळाशी आलेलं हाड (बनिअन): चपलेपासून ऑपरेशनपर्यंत

टाचणी

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूने टेंगूळ दिसायला लागलं की घरोघरी निदान तयारच असतं: हाड वाढलंय. मग कुणी एरंडेल चोळायला सांगतं, कुणी कॅल्शियमच्या गोळ्या बंद करायला लावतं, कुणी ऑनलाइन सापडलेला पट्टा मागवतं. या विषयावर इथे तुकड्यातुकड्यांत बरंच येऊन गेलंय, ते एका जागी असावं म्हणून हा धागा. ज्यांचा रोज पायांशी संबंध येतो त्यांनी भर घालावी, चुकत असेल तिथे टोकावं.

आधी मुळातली गोष्ट. हाड वाढलेलं नसतं, सरकलेलं असतं. चवड्यात पाच लांब हाडं असतात, त्यांना मेटाटार्सल म्हणतात. यातलं अंगठ्याच्या मागचं, म्हणजे पहिलं, हाड हळूहळू दुसऱ्या पायाच्या दिशेने कलतं आणि अंगठा उलटा, करंगळीकडे झुकतो. दोघांच्या मधला जो कोपरा बाहेर येतो तेच ते टेंगूळ. त्यावर बूट घासत राहिला की कातडी जाड होते आणि खालची पाण्याची पिशवी (बर्सा) सुजते, म्हणून ते आणखी मोठं दिसतं.

एकदा अंगठा कलला की स्नायूच उलटे काम करायला लागतात. अंगठ्याला वर-खाली ओढणाऱ्या शिरा (रक्ताच्या नव्हेत, स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) हाडाच्या मधोमध असायला हव्यात. त्या करंगळीच्या बाजूला सरकतात आणि धनुष्याच्या दोरीसारख्या ताणल्या जाऊन प्रत्येक पावलाला अंगठा आणखी वाकवतात. अंगठा बाकी बोटांपासून लांब धरून ठेवणारा स्नायू तळव्याखाली घसरतो, त्याचा जोर जातो. चवड्याखाली वाटाण्याएवढी दोन हाडं (सेसमॉइड) आपल्या खाचेत बसलेली असतात, तीही खाचेतून निसटतात. अंगठा नुसता वाकडा होत नाही, फिरतोही. नख आकाशाकडे बघायच्या ऐवजी दुसऱ्या पायाकडे बघायला लागतं. हे फिरणं दिसलं की समजावं, प्रकरण नुसत्या टेंगळाचं नाही.

तेल चोळून किंवा शेकून कातडी मऊ होईल, सूज उतरेल. हाड जागेवर येणार नाही.

दुपारचा_चहा

उत्तम धागा. आनुवंशिकता किती आणि चपला-बूट किती, यावर कायम वाद होतो, तोही इथेच मिटवून टाका.

टाचणी

मिटणार नाही, पण आकडे आहेत. हाँगकाँगमध्ये १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बूट घालणाऱ्यांपैकी ३३ टक्के लोकांचा अंगठा वाकडा होता, अनवाणी राहणाऱ्यांत १.९ टक्के. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या दफनभूमींतले सांगाडे तपासले तेव्हा अकराव्या ते तेराव्या शतकातल्या लोकांत प्रमाण ६ टक्के निघालं, चौदाव्या-पंधराव्या शतकात २७ टक्के. मधल्या काळात तिकडे टोकदार बुटांची फॅशन आली होती.

पण अनवाणी लोकांतही १.९ टक्के होतेच ना? पायाची ठेवण घरातून येते. सैल सांधे, सपाट तळपाय, पहिल्या मेटाटार्सलच्या मुळाशी असलेला ढिला सांधा, हे आजी-आई-मुलगी असं उतरताना दिसतं. आमवातात सांध्याचं आवरणच खराब होतं, तिथे बूट कितीही चांगले असले तरी अंगठा वाकतो. माझं मत असं की ठेवण जन्माने मिळते, पण ती दुखणार की नुसती दिसणार हे बरंचसं बूट ठरवतात. बायकांत प्रमाण जास्त आहे, त्यात सैल सांधे आणि निमुळत्या चपला दोन्हींचा वाटा आहे.

खडीसाखर

एक्स-रेबद्दल लिहितो, कारण निम्मे एक्स-रे वाया जातात.

चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्या: दोन्ही पाय, उभं राहून, समोरून आणि बाजूने (एपी, लॅटरल, वेट-बेअरिंग). बऱ्याच ठिकाणी टेबलावर बसवून किंवा झोपवून फोटो काढतात. पायावर वजन नसेल तर चवडा पसरत नाही, कोन आहे त्यापेक्षा कमी दिसतो, तळव्याची कमान किती बसते तेही कळत नाही. त्या फोटोवरून ऑपरेशन ठरवणं म्हणजे चुकीच्या मापाने कपडा बेतणं.

फोटोवर दोन कोन मोजतात. अंगठा आणि पहिलं मेटाटार्सल यांतला कोन साधारण १५ अंशांपर्यंत नॉर्मल. २० पर्यंत सौम्य, २० ते ४० मध्यम, ४० च्या पुढे तीव्र. दुसरा कोन पहिल्या आणि दुसऱ्या मेटाटार्सलमधला, तो ९ अंशांपर्यंत नॉर्मल. ऑपरेशन कुठलं करायचं हे मुख्यतः या दुसऱ्या कोनावर ठरतं. तीव्रतेच्या पट्ट्या पुस्तकागणिक एखाद-दोन अंशांनी बदलतात, त्यावर रात्र जागवू नका.

रिपोर्टमध्ये सेसमॉइड कुठे आहेत आणि सांध्यातली फट शाबूत आहे का, हे लिहिलेलं नसेल तर विचारा. फट अरुंद झालेली असेल, म्हणजे सांधा झिजला असेल, तर उपचाराचा रस्ताच बदलतो.

कोकणकडा

आमच्या शेजारच्या काकांना हेच झालंय. परवा रात्रीत अंगठा लालभडक झाला, चादरसुद्धा सहन होईना. बनिअन एवढं दुखतं?

दुपारचा_चहा

@कोकणकडा, नाही. बनिअन महिन्या-वर्षांनी वाढतं. रात्रीत भडका उडाला, सांधा गरम, लाल, चादर टेकली तरी कळ, असं असेल तर पहिला संशय गाउटचा, म्हणजे युरिक अ‍ॅसिडमुळे होणाऱ्या संधिवाताचा. काकांना आजच डॉक्टरकडे न्या. भडक्याच्या दिवशी युरिक अ‍ॅसिड नॉर्मल येऊ शकतं, म्हणून एका रिपोर्टवर 'गाउट नाही' असं ठरवू नये. दोन-तीन आठवड्यांनी परत तपासतात. ताप, थंडी, जखम किंवा पू असेल तर जंतुसंसर्ग आधी वगळायला हवा, तिथे उद्यावर ढकलायचं नाही.

आणखी एक जोडगोळी: टेंगूळ आतल्या बाजूला न येता सांध्याच्या वरच्या अंगाला असेल, अंगठा सरळच असेल पण वर वळत नसेल, तर तो झिजून ताठ झालेला सांधा. त्याला पसरट बुटापेक्षा कडक, पुढे किंचित उचललेला तळ जास्त उपयोगी पडतो. करंगळीच्या मुळाशी असंच टेंगूळ येतं, तो बनिअनचा धाकटा भाऊ. त्याला चपलेचे नियम तेच.

शिवण

चपला-बुटांचं मी घेतो. ऑपरेशन होवो न होवो, याच्यापासून सुटका नाही.

माप संध्याकाळी घ्या, पाय दिवसभरात फुगतो. उभं राहून कागदावर दोन्ही पायांची रेघ मारा, पेन्सिल सरळ धरून. मोठा पाय कुठला ते बघा, बूट त्याच्या मापाचा. दुकानात बुटातली आतली गादी (इनसोल) बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. टेंगूळ किंवा करंगळी गादीच्या कडेबाहेर जात असेल तर तो बूट तुमचा नाही, विक्रेता कितीही म्हणो की 'वापरून सैल होईल'. सगळ्यात लांब बोटापुढे साधारण १ सेंटिमीटर जागा हवी. हे लांब बोट प्रत्येकाचा अंगठाच असतो असं नाही, कित्येकांचं दुसरं बोट लांब असतं.

आपल्याकडची खरी अडचण रुंदीची आहे. नंबर मिळतो तो लांबीचा. रुंदी (डी, ई, ईई, ४ई) मोजक्या ब्रँडच्या मोजक्या जोडांवर लिहिलेली असते. मग लोक रुंदीसाठी एक-दोन नंबर मोठा बूट घेतात. तिथे काय बिघडतं बघा. बूट वाकतो ती रेघ तुमच्या सांध्याच्या पुढे जाते, टाच आतून निसटते, ती धरून ठेवायला बोटं आकडे होतात, आणि उतारावर पाय पुढे सरकून परत निमुळत्या भागातच घुसतो. दुखणं तसंच, वर बोटांवर कुरूप. अर्धा नंबर वाढवून चालेल, त्यापुढे रुंद साच्यावर बनलेलाच बूट शोधा.

वरचं कापड किंवा चामडं टेंगळावर मऊ हवं. तिथे शिवण, जोड, चकाकती प्लास्टिकची नक्षी काही नको. स्पोर्ट्स शूमध्ये विणलेल्या कापडाचे घ्या, पण ज्यावर वितळवून चिकटवलेल्या पट्ट्या टेंगळावरूनच जातात ते नकोत. टाच ३ सेंटिमीटरच्या आत. लेस बांधताना टेंगळाच्या बरोबरीची भोकं सोडून द्या, पुढच्या भोकात लेस घाला. फुकटचा उपाय आहे, आणि बऱ्याच जणांना तेवढ्यानेच फरक पडतो.

चामड्याचा बूट ताणता येतो. दुरुस्तीवाल्यांकडे चिमट्यासारखं हत्यार असतं, एका टोकाला लोखंडी गोळी आणि दुसऱ्या टोकाला कडी. टेंगूळ जिथे येतं तिथे खडूने खूण करून न्या, पायात घालूनच खूण करा. आतून पाणी आणि सर्जिकल स्पिरिट निम्मं निम्मं लावायचं, आधी कोपऱ्यात रंग जातो का बघायचं, मग रात्रभर ताण देऊन ठेवायचा. ३ ते ५ मिलिमीटर जागा होते. रेक्झीन आणि पेटंट लेदर ताणत नाही. दुसऱ्या दिवशी जागच्या जागी येतं किंवा तडकतं.

आडवाटेचा

कोल्हापुरीचं काय? अंगठ्याच्या कडीमुळे अंगठा सरळ राहतो असं ठामपणे सांगणारे भेटतात.

शिवण

कडीने अंगठा सरळ होत नाही. ती अंगठ्याच्या मुळाला धरते, वाकण्याच्या दिशेला तिचा काही विरोध नाही. कोल्हापुरीचा खरा फायदा एवढाच की पुढे निमुळता डबा नाही, बोटं मोकळी. तोटा असा की पट्ट्याची कड नेमकी टेंगळावर आली तर नवीन कडक चामडं करवतीसारखं लागतं. कारागिराकडून बनवून घेणार असाल तर पट्टा टेंगळाच्या मागे घ्यायला सांगा आणि आतून मऊ चामड्याचं अस्तर. ज्यांचा चवडा दुखतो त्यांच्यासाठी तळ मात्र फार पातळ आहे.

रबरी स्लिपर त्याहून वाईट. ती पायात टिकवायला बोटं सतत आवळावी लागतात. घरात वापरायची तर मागे पट्टा असलेली, वेल्क्रोची सँडल. दोन पट्टे, एक टेंगळाच्या मागे, एक घोट्याजवळ.

सेफ्टी शूजवाल्यांसाठी: पुढची टोपी स्टीलची असो की फायबरची, ती ताणता येत नाही. प्रयत्नही करू नका, टोपी हलली तर बूट निकामी. रुंद फिटिंगचा जोड कंपनीकडे लेखी मागा.

निम्नगा

जोडव्यांचा मुद्दा राहिला. अंगठा दुसऱ्या बोटाला ढकलतो, ते बोट सुजतं किंवा अंगठ्यावर चढतं, आणि जोडवं निघेनासं होतं. बोट निळसर दिसलं किंवा बधिर झालं तर जोडवं कापून काढायचं, ओढत बसायचं नाही. दोन्ही टोकं उघडी असलेली, सैल करता येणारी जोडवी घालावीत. ऑपरेशनच्या दिवशी ती काढावी लागतातच.

आता व्यायाम. आधीच सांगते, व्यायामाने कोन सरळ होतो अशी आशा ठेवू नका. पायाचे छोटे स्नायू जोरात येतात, सांधा मोकळा राहतो, चवड्यावरचा भार कमी होतो आणि दुखणं कमी होतं. सौम्य-मध्यम बनिअनला हे पुरेसं ठरू शकतं.

पहिला, तळवा आखडणं. खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर सपाट. बोटं न वाकवता चवडा टाचेकडे ओढायचा, कमान उचलली जाते. ५ सेकंद धरा, १० ते १२ वेळा. नव्वद टक्के चूक इथेच होते: बोटं नख्यांसारखी आवळली जातात आणि तळव्यात गोळा येतो. बोटांखाली कागदाची पट्टी ठेवा. ती चुरगळली तर तुम्ही चुकीचा स्नायू वापरताय.

दुसरा, बोटं फाकवणं. पाचही बोटं उचला, फाका, मग आधी करंगळी बाहेरच्या बाजूला टेकवा, त्यानंतर अंगठा आतल्या बाजूला. सुरुवातीला अंगठा हलतच नाही, हाताने मदत द्या. दोन-तीन आठवड्यांत मेंदूला स्नायू सापडतो.

तिसरा, सांधा मोकळा करणं. एका हाताने टेंगळाचं हाड घट्ट धरा, दुसऱ्याने अंगठा. लांबीच्या दिशेने हलका ओढा, मग वर-खाली १० वेळा. अंगठा बाजूला ओढून सरळ करायचा नाही. जोर केला की आवरण दुखावतं आणि दुसऱ्या दिवशी सूज.

चौथा पोटरीचा, आणि तो बहुतेक जण गाळतात. पोटरी आखडलेली असली की टाच लवकर उचलली जाते आणि सगळं वजन चवड्यावर येतं. भिंतीला हात, मागचा गुडघा सरळ ठेवून ३० सेकंद, मग तोच गुडघा किंचित वाकवून ३० सेकंद. प्रत्येकी ३ वेळा, मागची टाच जमिनीवरच.

रोज १५ मिनिटं, ८ ते १२ आठवडे. त्याआधी निकाल लावू नका.

कोकणकडा

आणि ते सिलिकॉनचे तुकडे, रात्रीचे पट्टे? जाहिरातीत आधीचा-नंतरचा फोटो दाखवतात.

टाचणी

फोटो पट्टा लावलेला असतानाचा असतो. :)

अंगठा आणि दुसऱ्या बोटाच्या मध्ये घालायचा सिलिकॉनचा तुकडा घासणं थांबवतो, दुखणं कमी करतो. काढला की अंगठा परत जागेवर. रोज अर्ध्या तासापासून सुरुवात करा. आकार असा घ्या की अंगठा थोडा सुटा होईल, पण दुसरं बोट तिसऱ्यावर ढकललं जाणार नाही. जाड तुकड्याने नेमकं हेच होतं आणि नवीन दुखणं सुरू होतं. आणि तो रुंद बुटातच घालायचा. आधीच अरुंद बुटात तो कोंबला तर टेंगूळ बाहेरून जास्त चेपतं.

टेंगळावर लावायची फेल्टची गोल पट्टी मध्ये भोक असलेली हवी. भोकात टेंगूळ येतं, भार कडेने जातो. भरीव पट्टी थेट टेंगळावर लावली की दाब वाढतोच.

रात्रीच्या पट्ट्याने मोठ्यांचा अंगठा कायमचा सरळ झाल्याचं दिसत नाही. आराम वाटत असेल तर वापरा. कमान उचलणाऱ्या गादीबद्दल फिनलंडमधली २००१ साली प्रसिद्ध झालेली चाचणी आहे, २०९ रुग्णांची: ऑपरेशन, गादी आणि नुसतं थांबणं अशी तुलना. गादीचा फायदा सहा महिन्यांना दिसला, वर्षाअखेर ऑपरेशनचा गट पुढे. पण ती मंडळी दुखणं असलेली होती, नुसतं दिसतं म्हणून आलेली नव्हती, हे विसरू नये.

औषधांचं थोडक्यात: सुजेला बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, डायक्लोफिनॅकचं मलम, लागलं तर पॅरासिटामॉल. तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या किडनी, अल्सर, रक्तदाबवाल्यांनी स्वतःहून घेऊ नयेत.

दुपारचा_चहा

मधुमेह असलेल्यांसाठी वेगळं लिहिणं भाग आहे, कारण वरचे निम्मे उपाय त्यांना जसेच्या तसे लागू होत नाहीत.

आधी संवेदना तपासून घ्या. १० ग्रॅमच्या नायलॉनच्या धाग्याने (मोनोफिलामेंट) तळव्याच्या ठरावीक जागी टोचून बघतात, दोन मिनिटांचं काम आहे. संवेदना गेलेली असेल तर माणूस घट्ट बूट निवडतो, कारण सैल बूट पायात आहे असं त्याला वाटतच नाही. बनिअन आणि बधिर पाय ही जोडी जखमेची पक्की जागा आहे.

अशा पायाला सिलिकॉनचा तुकडा, घट्ट पट्टा, बर्फ, गरम पाण्याचा शेक काही नको. कुरूपाची औषधी पट्टी तर अजिबात नको. तिच्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, साधारण ४० टक्के. ते टेंगळावरची चांगली कातडीही खातं आणि आठवड्यात खड्डा पडतो. पुष्कळ लोक टेंगळालाच कुरूप समजून पट्टी लावतात. ब्लेडने तासणं बंद.

चप्पल एमसीआर रबराची (बारीक छिद्रांचं मऊ रबर), मागे पट्टा असलेली, टेंगळाला न टेकणारी. नवा जोड पहिल्या दिवशी एक तास, मग पाय बघायचा, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर जोड परत. मोजे पांढरे, सुती. रक्त किंवा पाणी लागलं तर लगेच दिसतं. रोज रात्री तळवा आरशात.

आडवाटेचा

ऑपरेशनकडे येऊ. प्रश्न 'किती वाकडा' हा नाही, 'किती दुखतो आणि काय अडतं' हा आहे. तीन ते सहा महिने बूट-व्यायाम नीट करूनही रोजचं चालणं अडत असेल, दुसरं बोट अंगठ्यावर चढायला लागलं असेल, किंवा टेंगळावर वारंवार जखम होत असेल, तर सर्जनला भेटावं. नुसतं दिसण्यासाठी कुणी करत असेल तर माझा विरोध. न दुखणारा पाय दुखरा होऊन बसण्याचा धोका कशासाठी घ्यायचा?

पद्धती खूप आहेत, पण तर्क साधा आहे. टेंगूळ नुसतं तासलं तर हाडाचा कल तसाच राहतो आणि ते परत येतं, म्हणून तसं एकटं आता सहसा करत नाहीत. सौम्य-मध्यम असेल तर मेटाटार्सलच्या टोकाशी इंग्रजी व्ही आकाराचा काप घेऊन डोकं सरकवतात (शेव्हरॉन). कोन जास्त असेल तर हाडाच्या लांबीत झेड आकाराचा काप (स्कार्फ). अंगठ्याच्या स्वतःच्या हाडातून छोटी पाचर काढली तर तो एकिन, बहुधा दुसऱ्याच्या जोडीला. हाडाच्या मुळाशी सांधा ढिला असेल किंवा कोन तीव्र असेल तर तो सांधा जोडून टाकतात (लॅपिडस). फिरलेला अंगठाही यात सरळ करता येतो. सांधा झिजलेला किंवा आमवात असेल तर अंगठ्याचा सांधाच जोडतात. दुखणं जातं, पण अंगठा तिथे वाकत नाही, उंच टाचेची चप्पल कायमची बंद.

आधी: एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आटोक्यात (बहुतेक ठिकाणी ८ च्या आत मागतात), घोट्याजवळची नाडी लागते का ते तपासून, तंबाखू-सिगारेट निदान चार आठवडे बंद. निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो, मिश्रीसुद्धा त्यात आली. रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका आणि न सांगता चालूही ठेवू नका.

नंतरचे पहिले दोन आठवडे पाय छातीपेक्षा उंच, दिवसाचा बहुतेक वेळ. यात कुचराई झाली की सूज, आणि सुजेने टाके ताणतात. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी. शेव्हरॉन-स्कार्फनंतर टाचेवर भार देणाऱ्या कडक तळाच्या सँडलने घरातल्या घरात चालता येतं, सहा आठवडे. लॅपिडसला वजन कधी टाकायचं हे सर्जनच सांगेल. अंगठ्याची हालचाल टाके निघाल्यावर, सांगतील तेव्हा लगेच सुरू करा. भीतीने न हलवलेला सांधा ताठ होतो, ही सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार. सूज तीन ते सहा महिने संध्याकाळी येतच राहते. पोटरी सुजली, दुखली किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल, रक्ताची गुठळी असू शकते.

काय बिघडतं तेही लिहितो. अंगठा परत कलणं. बाजूच्या बारीक नसेला धक्का लागून अंगठ्याची आतली कड बधिर होणं. पहिलं हाड आखूड झालं किंवा वर उचललं गेलं तर भार दुसऱ्या बोटाच्या खाली जातो आणि तिथे घट्टा पडून चवडा दुखतो. जास्त सरळ केलं तर अंगठा उलट्या बाजूला वाकतो. हाड न जुळणं, जंतुसंसर्ग. टायटॅनियमचे स्क्रू टोचत नसतील तर काढावे लागत नाहीत, एमआरआयलाही बहुधा अडचण येत नाही, पण तिथे आधी सांगावं.

खडीसाखर

'लेझरने, बिनटाक्यांचं बनिअन ऑपरेशन' या जाहिरातींवर एक वाक्य: लेझरने हाड सरकत नाही. छोट्या छेदाची पद्धत खरी आहे, तिथे दोन-तीन मिलिमीटरच्या फिरत्या पात्याने एक्स-रे बघत हाड कापतात आणि स्क्रूने बसवतात. हाड तेवढंच कापलं जातं, जुळायला तेवढेच आठवडे लागतात. व्रण लहान, सांधा जरा कमी आखडतो. पातं तापून हाड भाजू नये म्हणून पाणी सतत सोडावं लागतं, यात हात बसलेला असावा लागतो. सर्जनला विचारा, या पद्धतीने ते नियमित करतात का.

कोकणकडा

दोन्ही पाय एकदम? आणि बाइक, भारतीय शौचालय, मांडी घालून जेवण, सूर्यनमस्कार?

आडवाटेचा

दोन्ही एकदम करता येतात, पण घरात उचलाउचल करणारं माणूस नसेल तर नको. मध्ये तीन ते सहा महिने ठेवणं सोयीचं.

मोटारसायकलचा गिअर डाव्या पायाने, आणि वर टाकताना दांडी थेट अंगठ्यावर येते. डावा पाय असेल तर आठ आठवड्यांआधी नको. उजवा असेल तर मागचा ब्रेक. गिअरलेस स्कूटर हाताच्या ब्रेकची असली तरी थांबताना पाय टेकावा लागतो, तोही हिशेबात धरा. गाडीत क्लच असल्यामुळे डाव्या पायालाही सुटका नाही.

निम्नगा

उकिडवं बसताना वजन चवड्यावर जातं, म्हणून सहा आठवडे कमोड किंवा कमोडची खुर्ची. आधीच आणून ठेवा, ऑपरेशननंतर धावाधाव नको. मांडी घालायला जखम भरल्यावर हरकत नसते, तिथे अंगठ्यावर ताण नाही. वज्रासनात अंगठा खाली दुमडतो आणि सूर्यनमस्कारात वर वाकवून त्यावर वजन येतं. दोन्ही साधारण तीन महिन्यांनी, एक्स-रेत हाड जुळल्याचं बघून. सांधा जोडण्याचं ऑपरेशन झालेलं असेल तर सूर्यनमस्कारात चवड्याखाली उशी द्यावी लागते किंवा तेवढी पायरी गाळावी लागते.

शेवगा

मुलीचं वय १२, अंगठा आत्तापासूनच कललाय. आत्ताच करून टाकलेलं बरं ना? वाढतच जाणार आहे.

आडवाटेचा

@शेवगा, घाई नको. पहिल्या मेटाटार्सलची वाढीची रेघ हाडाच्या मुळाशी असते, बाकी चारांची टोकाकडे असते. मुळाशी केलेलं ऑपरेशन त्या रेघेला दुखवू शकतं, आणि वाढत्या वयात केलेलं परत येण्याचं प्रमाणही जास्त. मुलींत ही रेघ साधारण १४ च्या सुमाराला बंद होते, मुलांत १६. सगळ्यांचा वाढतोच असंही नाही. शाळेचा बूट दर तीन-चार महिन्यांनी गादी काढून तपासा, मुलं बूट घट्ट झाल्याचं सांगत नाहीत. अंगठ्याबरोबर पाय फार सपाट असेल किंवा सांधे जास्तच वळत असतील तर बालअस्थिरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.

दुपारचा_चहा

विम्याचं एक. दिसण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रिया पॉलिसीत वगळलेल्या असतात आणि बनिअनला तेच कारण लावून क्लेम अडकतो. डॉक्टरांच्या कागदावर दुखणं किती दिवसांचं, कुठले बूट-व्यायाम-औषधं करून झाली, चालण्यात काय अडतं आणि दोन्ही कोन अंशांत, हे लिहिलेलं असू द्या. कॅशलेसची परवानगी आधीच मागा.

शिवण

आणि पहिल्यांदा दाखवायला जाताना नवे बूट घालून जाऊ नका. गेले सहा महिने रोज वापरलेला जोड पिशवीत न्या, न धुता. तळ कुठे झिजलाय, वरचं चामडं कुठे फुगलंय, आतली गादी दुसऱ्या बोटाखाली खचलीय का, हे बघून डॉक्टरला आणि चप्पल बनवणाऱ्याला अर्धी गोष्ट तिथेच कळते.